दवण्याचं पाणी

बाटली आधी काच पुसायच्या निळ्या पाण्याची होती.
तीनदा धुतली.
चौथ्यांदा धुवायला पाणी नव्हतं,
नळ परवा येणार होता.

पातेल्यात मधोमध एक वाटी पालथी,
तिच्यावर दुसरी, उताणी.
भोवती दवणा, मधल्या मारुतीपाशी घेतलेल्या दोन जुड्या,
रात्रभर भिजून फुगलेल्या वाळ्याच्या मुळ्या
आणि लिंबाची साल,
आतलं पांढरं खरवडून, नाहीतर वास कडवट येतो.
झाकण उलटं. झाकणावर बर्फ,
सोडावाल्याकडचा, दहा रुपयांचा,
घरी येईपर्यंत सहाचा उरलेला.

वाफ वर जाते, गार झाकणाला टेकते,
मुठीवरून घरंगळते
आणि टप्प.
तासाभरात अर्धी वाटी.
अम्मा म्हणाली, "एवढ्या गॅसात
दोन दिवसांची आमटी झाली असती की गं.
काय करालीस हे?"

सांगितलं नाही मी.
प्रॅक्टिकलला शेजारी उभी राहणारी मुलगी
ब्युरेट धुता धुता म्हणाली होती,
"तुझे बाबा लै ओढतात का?"
बाबा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत.
तंबाखू असते अम्माच्या सुपात.
सुपातून तिच्या मांडीवर,
मांडीवरून सतरंजीवर,
सतरंजीवरून माझ्या वहीत, वेणीत,
इस्त्रीच्या ओढणीच्या घडीत.
रोजच्या हजार विड्या.
माझी फी त्यातूनच गेली,
हे त्या मुलीला कुठल्या तोंडानं सांगू?

मेडिकलमधून थोडं स्पिरिट, ग्लिसरीनचे चार थेंब.
हलवलं. मानेवर एक फवारा,
मनगटावर एक.
एप्रिलच्या त्या दुपारी, पत्र्याखाली,
मी क्षणभर कुणीतरी दुसरीच होते.

सकाळी बाटली हलकी लागली.
अम्मा तेंदूची पानं पसरून बसली होती
आणि बोट दाबत होती, फुस्स, फुस्स,
लहान मुलासारखी.
"केवढं बारीक पडतंय बघ!
हातानं शिंपडलं की एक पान चिंब, एक कोरडं.
हे कसं, सगळं सारखं नरम."
तळाशी दोन बोटं उरलं होतं.
मी ओरडणार होते.
तिनं कात्री उचलली,
पान न चिरता कापलं गेलं,
आणि ती इतकी खूश झाली
की माझं ओरडणं घशातच राहिलं.

शनिवारी ब्रँचवर इराबत्ती चेकरनं कट्टा सोडला,
नाकाशी नेला.
तीस वर्षं तंबाखूत बसलेला माणूस,
घरात दूध करपलं तरी कळत नाही, असं त्याची बायको सांगते.
तोही थांबला.
"सत्यम्मा, विड्या आणलीस का रुखवत?"
चार कट्टे छाटात.
पैसे कापले, वहीत लिहिलं.
पण आम्ही वळलो तेव्हा मी पाहिलं,
छाटातली एक विडी त्यानं कानावर ठेवली होती,
आणि मग काढून, न पेटवता,
पुन्हा हुंगली.

अशोक चौकापर्यंत अम्मा हसत होती,
पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
मग एकदम म्हणाली,
"मला येत नाही गं."
काय?
"वास. दवण्याचा नाही, तंबाखूचापण नाही.
तू पोटात होतीस तेव्हा यायचा, उलट्या व्हायच्या.
नंतर कधी गेला, लक्षातच नाही आलं."

रिक्षा, हॉर्न, कुणाच्या तरी गाड्यावर तळत असलेली भजी.
मी तिचं मनगट धरून चालत होते.
"कसा असतो सांग की, तुझ्या पाण्याचा."

गार असतो, म्हणाले.
थोडा कडू. नंतर गोड.
माठ नवा असतो ना, पहिल्या दिवशी, तसा,
पण हिरवा.

तिनं मान हलवली,
भाव पटल्यावर हलवते तशी,
आणि म्हणाली, "मग नळ आला की
दोन बाटल्या कर.
माझ्या बाटलीत नुसतं पाणी घाल.
इराबत्तीला सवय लागायची."